आधी ट्रंक उघडा, मग टर्नटेबल घ्या

ज्या घरात रेकॉर्ड प्लेअर होता, त्या घरातल्या मुलांनी ही गंमत कधी ना कधी केलेली असते. तबकडी फिरत ठेवायची, आवाजाचं बटण शून्यावर आणायचं आणि कान पिनेजवळ न्यायचा. स्पीकर गप्प असतात, गाणं मात्र चालूच असतं. बारीक, चिरकं, पण शब्द ओळखू येतील इतकं. स्पीकरच्या वायरी उपसून ठेवल्या तरी ऐकू येतं. मग गातंय कोण?

गाते ती पिनच. तबकडीवरच्या खाचेच्या भिंती सरळ नसतात. गाण्याच्या ध्वनिलहरी जशा हलतात तशाच त्या नागमोडी कापलेल्या असतात. खाच पिनेखालून सरकते, पिन त्या वळणांबरोबर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा थरथरते आणि तिच्यासोबत आजूबाजूची हवाही हलते. चावीच्या ग्रामोफोनमध्ये एवढीच थरथर पातळ पडद्यावर घेऊन भोंग्यातून मोठी केली जाई; तिथे विजेचा संबंधच नव्हता. आजच्या यंत्रात ती आधी विजेत बदलते, मग ॲम्प्लिफायरमध्ये वाढते आणि शेवटी स्पीकरमधून बाहेर पडते.

हे ध्यानात आलं की स्वस्तातलं टर्नटेबल निवडण्याचा निम्मा गोंधळ संपतो. या यंत्राची कामं तीनच. तबकडी ठरलेल्या गतीने फिरवायची, पिन खाचेत नीट धरायची आणि स्वतःची थरथर त्यात मिसळू द्यायची नाही. झाकणाचा अक्रोडी रंग, ब्लूटूथचा निळा दिवा किंवा शोभेचा पितळी भोंगा यांतलं काहीच या तीन कामांत बसत नाही. हात आखडता असेल तेव्हा पाहायचं ते इतकंच, की मागितलेला पैसा पिनेभोवती खर्च झाला आहे की दिखाव्यावर. आणि पिन कोणती हवी, हे दुकानदाराने सांगायचं नसतं. ते घरातल्या तबकड्या ठरवतात.

एकच खाच, अर्धा किलोमीटर

तबकडीवर शेकडो गोल रेघा दिसतात, पण प्रत्यक्षात एका बाजूवर एकच खाच असते. काठापासून सुरू होऊन ती वळसे घेत मध्याकडे जाते. बारा इंची लाँग प्ले तबकडी मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित पुढे, म्हणजे ३३⅓ फेरे घेते. बावीस मिनिटांच्या बाजूवर असे सुमारे ७३० वळसे होतात आणि ही खाच उलगडून सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. तिची रुंदी मात्र केसापेक्षाही कमी.

पिनेचं आणि खाचेचं नातं समजायला कच्च्या रस्त्यावरची बैलगाडी बरी. चाकं जाऊन जाऊन रस्त्यात चाकोरी पडते. गाडी फार हलकी असेल तर खड्ड्यात चाक उसळून चाकोरीबाहेर पडतं. फार जड असेल तर चाक चाकोरीच्या कडा खात जातं. चाक चाकोरीपेक्षा फार अरुंद असेल तर ते कडांना न टेकता तळातल्या दगडमातीवरून खडखडत जातं. पिनेच्या बाबतीत नेमक्या याच तीन चुका होतात, आणि स्वस्त टर्नटेबलविषयीच्या बहुतेक तक्रारी यांतल्या एखाद्या चुकीपाशी येऊन थांबतात.

स्टिरिओ तबकडीत खाचेच्या दोन भिंती वेगवेगळं काम करतात. प्रत्येक भिंत ४५ अंशांत कललेली असते. एक डाव्या स्पीकरचा आवाज सांभाळते, दुसरी उजव्याचा. म्हणून अशा खाचेत पिन आडवीही हलते आणि उभीही. जुन्या मोनो तबकडीत ती फक्त आडवी हलते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. फेऱ्यांची गती तीच राहिली तरी खाचेची गती तीच राहत नाही. बारा इंची तबकडीच्या काठावर पिनेखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते. मध्याजवळ जेमतेम वीस. म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. बाजू संपत आली की ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात, ते यामुळे. सिनेमाच्या गाण्यांत हे फार जाणवत नाही. शास्त्रीय गायनात मात्र पंचाईत होते. विलंबितात निवांत सुरू झालेला राग द्रुतात पोचतो आणि तानांचा पाऊस सुरू होतो, तो नेमका खाच सर्वांत दाटलेल्या जागी. रागदारीचे लाँग प्ले ऐकणाऱ्याने पिनेच्या टोकावर थोडे जास्त पैसे घालावेत, ते याच कारणाने. गोल टोकापेक्षा लंबगोल टोक ही दाटी जास्त स्वच्छ वाचतं.

ट्रंकेत काय निघतं?

सोलापुरात टर्नटेबलचा विषय निघतो तो बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेपासून. वाडा पाडून फ्लॅट होताना किंवा आजोबांची खोली आवरताना तबकड्यांचा गठ्ठा हाती लागतो आणि घरातल्या तरुणाला वाटतं, एक प्लेअर आणून ऐकून तर पाहू. हे शहर एका भाषेचं नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू इथे एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे गठ्ठाही मिसळीचा असतो. नाट्यगीतं, कन्नड भक्तिगीतं, तेलुगू सिनेमा, कव्वाली, पंढरपूर जवळच असल्याने अभंग तर हवेतच. १९१० साली सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये काढलेल्या चित्रपटाची वसंत देसाईंच्या संगीताची गाणी अशा गठ्ठ्यात सापडली तर ती ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर असतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं गीतरामायण पुढे लाँग प्लेवर आलं. पु. ल. देशपांड्यांच्या कार्यक्रमांच्या तबकड्याही लाँग प्लेच. भावगीतं आणि लोकगीतं मात्र बरीचशी सात इंची छोट्या तबकड्यांवर.

या छंदाला इथे जुनी माणसं आहेत. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर यांनी संपादित केलेल्या तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकावर मुंबई-पुण्याच्या जोडीला सोलापूर, नांदेड आणि अमरावती इथल्या शाखांची नोंद असे. जुन्या तबकड्या जमवून एकत्र बसून ऐकणं हे काही फक्त महानगरांचं वेड नव्हतं.

भारतीय ट्रंकेचं एक वैशिष्ट्य परदेशी सल्ल्यांत सापडत नाही. अमेरिकेत लाँग प्ले १९४८ मध्ये आली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ७८ची तबकडी तिथून हद्दपार झाली. आपल्याकडे ती खूप पुढेपर्यंत निघत राहिली. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात १९६०च्या दशकात ७८वर छापली गेली. कारण साधं होतं. गावोगाव वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन विजेविना चालत होता. त्यामुळे बाजारात ‘उत्तम स्वस्त टर्नटेबल’ म्हणून मिरवणारं यंत्र सोलापूरच्या ट्रंकेतल्या निम्म्या तबकड्यांना निरुपयोगी ठरू शकतं. आज मिळणारी बरीचशी यंत्रं फक्त ३३ आणि ४५ फेऱ्यांची असतात.

> चौकट : हातात आलेली तबकडी कोणती?
>
> जड, कडक, दहा इंची (क्वचित बारा इंची), टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारी आणि पडली तर बशीसारखी फुटणारी तबकडी लाखेची. फेरे ७८. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं. हिला जाड टोकाची वेगळी पिन लागते.
>
> सात इंची, लवचीक, बाजूला एक किंवा दोन गाणी असलेली तबकडी प्लास्टिकची. फेरे बहुधा ४५. काही छोट्या तबकड्या ३३⅓च्याही असतात, म्हणून मधल्या कागदावर छापलेला आकडा वाचावा.
>
> बारा इंची, लवचीक, बाजूला वीस-पंचवीस मिनिटं चालणारी ती लाँग प्ले. फेरे ३३⅓.
>
> प्लास्टिकच्या कोणत्याही तबकडीवर चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन कधीही ठेवू नये. एका फेरीत खाच कायमची खरवडली जाते.

पिनेच्या टोकांतला फरक किती, तर लाँग प्लेच्या पिनेचं गोल टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं आणि ७८च्या पिनेचं सुमारे ७५ मायक्रॉनचं. चौपट. लाखेच्या तबकडीत लाँग प्लेची पिन घातली की ती तळाशी जाऊन पडते आणि पन्नास वर्षांचा साचलेला कचरा वाचू लागते. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियन तबकड्या कुणी अशा पिनेने वाजवून ‘जुन्या रेकॉर्डमध्ये खरखरच फार’ असा निकाल दिला, तर त्यात बिचाऱ्या तबकडीचा दोष थोडा आणि पिनेचा जास्त.

दोन ग्रॅम की सहा?

पिनेची थरथर विजेत बदलणाऱ्या छोट्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. ती मुख्यतः दोन प्रकारची. एका प्रकारात पिन सिरॅमिकच्या तुकड्याला वाकवते आणि वाकण्याने त्यात वीज तयार होते. दुसऱ्या प्रकारात पिनेच्या दांडीला चिमुकलं चुंबक बसवलेलं असतं. ते तारेच्या वेटोळ्यांजवळ हललं की वेटोळ्यांत वीज उमटते. सायकलच्या डायनॅमोचं तत्त्व तेच.

सिरॅमिकची डबी स्वस्त, दणकट, आणि तिचा आवाज भरपूर, त्यामुळे पुढचा खर्च वाचतो. पण तुकडा वाकवायला जोर लागतो, म्हणून पिनेवर पाच-सहा ग्रॅम वजन ठेवावं लागतं. चुंबकाच्या डबीला दोन ते साडेतीन ग्रॅम पुरतात. चावीच्या ग्रामोफोनचं डोकं शंभर ग्रॅमहून जड असे, त्या मानाने सहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, ती उलट पिनेलाच झिजवायची. म्हणून तर दर बाजूला पोलादी पिन बदलावी लागे. प्लास्टिक मऊ असतं. तिथे कडा खाल्ल्या जातात.

ब्रीफकेससारखे उघडणारे, रंगीबेरंगी, आतच स्पीकर असलेले प्लेअर हे बहुधा सिरॅमिकवालेच. भेट द्यायला छान, दिसायलाही छान. एकदा वाजवल्याने तबकडीचा सत्यानाश होतो ही ओरड अतिशयोक्त आहे. जुने एचएमव्ही फिएस्टासारखे घरगुती प्लेअर अशाच डब्यांवर चालत आणि त्यांवर वाजलेल्या कितीतरी तबकड्या आजही ऐकण्याजोग्या आहेत. तरी ते घेऊ नयेत, याची कारणं दुसरी. एक, त्यांच्या हाताला मागचं वजन नसतं, त्यामुळे पिनेवरचा भार कमी-जास्त करता येत नाही. दोन, स्पीकर आणि पिन एकाच पेटीत. तबल्याचा बायाँ घुमला की पेटी थरथरते, पेटी थरथरली की पिन थरथरते आणि ती थरथर पुन्हा स्पीकरमधून येते. हे टाळायला कारखानदार खालचे स्वरच कापून टाकतो. तीन, थाळी तबकडीहून लहान आणि हलकी असते. किंचित वाकलेली तबकडीही तिच्यावर डुलत राहते आणि पिन उडते. नवी कोरी तबकडी ‘खराब आहे’ म्हणून परत करणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं या तिसऱ्या कारणात असतं.

गती चुकली की सूर चुकला

थाळी फिरवायच्या दोन पद्धती आज रूढ आहेत. रबरी पट्ट्याच्या पद्धतीत मोटर बाजूला असते आणि तिची घरघर पट्टाच गिळतो. म्हणून कमी किमतीत शांत यंत्र हवं तर पट्टा बरा. थेट पद्धतीत मोटर थाळीच्या खालीच असते. जपानच्या टेक्निक्सने १९७०च्या सुमारास ही पद्धत आणली आणि १९७२च्या त्यांच्या एसएल-१२००ने ती जगभर नेली. गती चटकन पकडते, झिजायला पट्टा नाही. पण ती स्वस्तात नीट बनवणं अवघड. सोलापूरसारख्या कोरड्या, तापणाऱ्या हवेत रबर लवकर कडक आणि सैल होतं, एवढं पट्ट्याच्या विरोधात सांगता येईल. नवा पट्टा काही महाग नसतो आणि बदलायला मेकॅनिकही लागत नाही.

गतीची खरी फसगत जुन्या बाजारात होते. अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने आणलेलं सुंदर जुनं यंत्र हाती येतं. ते ११० व्होल्टचं आहे हे लोकांना माहीत असतं, ते ट्रान्सफॉर्मर लावतात. पण तिथली वीज सेकंदाला ६० वेळा दिशा बदलते आणि आपली ५० वेळा. जुन्या यंत्रांच्या मोटरी याच आकड्यावर चालतात. त्यामुळे तबकडी ३३⅓ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेते आणि सूर तीन अर्धस्वरांनी खाली येतो. काळी पाचमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचवर उतरते आणि तिचा आवाज पुरुषी वाटू लागतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हा आकडा बदलत नाही. त्यासाठी मोटरच्या दांड्यावरची पुली ५० हर्ट्झची लागते.

गती तपासायचा जुना उपाय म्हणजे रेघांची कागदी चकती. आपल्या विजेवरच्या पिवळ्या बल्बचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. १८० रेघांची चकती ३३⅓ गतीने त्याखाली फिरली की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर गती जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलईडीच्या उजेडात ही जादू बऱ्याचदा चालत नाही. आता मोबाइल थाळीवर ठेवून गती मोजणारी ॲपही मिळतात, फक्त पिनेचा हात आधी बाजूला बांधावा.

७८च्या तबकड्यांचा तिढा वेगळाच. ‘७८’ हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या काळात कंपन्या त्याच्या खाली-वर मुद्रण करत. त्यामुळे गायकाचा मूळ स्वर मिळवायचा तर गती थोडी सरकवता येणारी पट्टी यंत्रावर असावी लागते. डीजे मंडळींसाठी बनवलेली ही सोय बालगंधर्वांच्या चाहत्यांना अशी उपयोगी पडते.

घरी आणलं, पण आवाजच बारीक

नवं टर्नटेबल जुन्या होम थिएटरच्या ‘ऑक्स’मध्ये लावलं आणि आवाज मुंगीसारखा आला, ही तक्रार सर्वांत जास्त. यंत्र बिघडलेलं नसतं. चुंबकाच्या डबीतून जेमतेम तीन-पाच मिलिव्होल्ट वीज निघते. ‘ऑक्स’ला त्याच्या पन्नास-शंभर पट हवी असते. शिवाय तो आवाज बारीकच नाही तर किनराही येतो, त्याचं कारण मजेदार आहे.

खालचे स्वर खाचेला रुंद वळणं घ्यायला लावतात. ते जसेच्या तसे कापले तर वळसे एकमेकांत घुसतील आणि बाजूवर दहा मिनिटंही मावणार नाहीत. म्हणून तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे चढवतात. वाजवताना नेमकं उलट करायचं, म्हणजे हिशेब जुळतो. वरचे स्वर खाली आणताना पृष्ठभागाची सळसळही दबते, हा वरचा फायदा. किती दाबायचं आणि किती चढवायचं याचं माप १९५४मध्ये ठरलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा होता, त्यामुळे ७८च्या तबकड्यांना आवाजाची बटणं कानानेच जुळवावी लागतात.

वीज वाढवणं आणि हा उलटा हिशेब लावणं, ही दोन्ही कामं करणाऱ्या भागाला फोनो प्रीॲम्प म्हणतात. तो कुठेतरी एकदाच हवा. काही टर्नटेबलांत तो आत असतो आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असं लिहिलेलं छोटं बटण असतं. ‘ऑक्स’मध्ये लावायचं तर बटण ‘लाइन’वर. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ नावाची खास जागा असेल तर बटणही ‘फोनो’वर. दोन्हीकडे प्रीॲम्प लागला की आवाज फाटतो, कुठेच नसला की मुंगी. मागे लोंबणारी बारीक सुटी तार ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या स्क्रूला जोडायची असते. ती विसरली, किंवा जुन्या घरात अर्थिंगच नसलं, की गाण्याखाली अखंड ‘हूं’ ऐकू येतो.

मग घ्यायचं कोणतं?

किमती आयातीबरोबर हलत असतात, म्हणून आकड्यांपेक्षा पायऱ्या लक्षात ठेवलेल्या बऱ्या.

ट्रंकेत फक्त लाँग प्ले आणि ४५च्या तबकड्या असतील आणि ऐकणाऱ्याला झंझट नको असेल, तर ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी६०एक्स ही खरी पहिली पायरी. पट्ट्यावर चालतं, बटण दाबलं की हात आपोआप उचलून बसतो आणि बाजू संपली की परत जातो. चुंबकाची डबी आहे, वजन कारखान्यातच ठरवलेलं, प्रीॲम्प आत. घरातल्या वयस्कर माणसांच्या थरथरत्या हातांना हे आपोआप उतरणं-चढणं फार सोयीचं. शौकीन मंडळी त्याला नाक मुरडतात, पण आजीला हिराबाई बडोदेकर ऐकायच्या असतील तर नाक मुरडणाऱ्यांचं ऐकू नये. मर्यादाही स्पष्ट आहे. पिन बदलता येते, डबी नाही, आणि ७८ वाजत नाही. सोनीचं पीएस-एलएक्स३१०बीटी याच घराण्यातलं, वर ब्लूटूथ. वायर ओढायची नसेल तर ठीक. पण खाचेतून निघालेला आवाज आकड्यांत मोडून हवेतून पाठवल्यावर तबकडीसाठी केलेल्या खटाटोपातलं थोडं कमी होतंच.

ट्रंकेत लाखेच्या तबकड्या असतील तर हिशेब बदलतो. त्याच कंपनीचं एटी-एलपी१२०एक्सयूएसबी बरंच महाग पडतं, पण ३३, ४५ आणि ७८ अशा तिन्ही गती, सरकती गतिपट्टी, मागे फिरवायचं वजन आणि सुटी होणारी डबी हे सारं त्यात आहे. सोबत येणारी व्हीएम९५ई डबी लंबगोल पिनेची, दोन ग्रॅमवर चालणारी. तिच्याच अंगावर ७८ची जाड पिन बसवता येते. दोन्ही पिना जवळ असल्या की ट्रंक पूर्ण वाजते. ७८च्या पिनेसाठी तिच्या कागदावर लिहिलेलं वजन लावायचं, दोन ग्रॅमवर ठेवायचं नाही. संगणकाला जोडून तबकडी साठवून ठेवायचीही सोय आहे. फुटक्या-तुटक्या ७८च्या तबकड्यांच्या बाबतीत ती सोय शोभेची नाही, गरजेची आहे.

रेगा किंवा प्रो-जेक्टसारखी साधी, बटणं कमी आणि बांधणी चोख अशी यंत्रं लाँग प्लेसाठी आवाजात सरस. रागदारीचाच संग्रह असेल आणि पैसे जमवायची तयारी असेल तर थांबून ती घ्यावीत. ७८वाल्यांनी मात्र नीट चौकशी करूनच वळावं.

जुनं यंत्र हा सोलापूरकराचा आवडता पर्याय, आणि वाईट नाही. मुंबईच्या चोरबाजारापासून गावातल्या भंगारवाल्यापर्यंत ती मिळतात. थाळी हाताने फिरवावी. खरखर न करता बराच वेळ फिरत राहिली तर मधला दांडा ठीक. पिनेचा हात दोन्ही दिशांना न अडखळता सरकला पाहिजे. आणि पैसे देण्याआधी त्या डबीची पिन आज मिळते का, हे शोधावं. पिन मिळत नसेल तर ते यंत्र शोकेसमध्ये ठेवण्यापुरतं.

ऊन, धूळ आणि माग

उन्हाळ्यात पारा ४३-४४पर्यंत जाणाऱ्या गावात तबकडीचा पहिला शत्रू पिन नव्हे, पत्रा. प्लास्टिकची तबकडी साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या मोटारीत तेवढं तापमान सहज होतं. आडवा रचलेला गठ्ठा अशा वेळी खालच्या तबकड्यांना बशीचा आकार देतो. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवाव्यात.

कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि ती धूळ, सुताचे तंतू ओढून घेते. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घरालगत यंत्रमाग चालतात, तिथे हे तंतू पिनेवर बोळा होऊन बसतात. दर बाजूआधी कार्बन तंतूंचा ब्रश फिरवला तरी पुष्कळ फरक पडतो. मळलेली तबकडी शुद्ध पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, मधला कागद कोरडा ठेवून, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावी. स्पिरिट लाखेच्या तबकडीला लावायचं नाही. सुताराचं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाखच. तबकडीचंही तेच होईल.

मागांची थरथर जमिनीतून टेबलात आणि टेबलातून पिनेत पोचते. तिथे टर्नटेबल भिंतीला ठोकलेल्या भक्कम फळीवर बसवावं, स्पीकर त्या फळीवर कधीच नकोत, आणि थाळी पाणसळने सपाट करून घ्यावी. हात फिरत्या वजनाचा असेल तर आधी तो हवेत तरंगेल इतका तोलायचा, तिथे आकडा शून्य करायचा आणि मग डबीने मागितलेले ग्रॅम चढवायचे. शंका असेल तर सोन्याच्या वजनासारखा छोटा काटा मिळतो, तो खोटं बोलत नाही.

पिनेचं टोक हिऱ्याचं असलं तरी झिजतं. गोल टोकाची पिन पाचशे तासांच्या आसपास आणि साधी लंबगोल तीनशे तासांच्या आसपास बदलावी. रोज एक लाँग प्ले ऐकणाऱ्या घरात हे साधारण एक ते दोन वर्षांचं काम. झिजलेली पिन नव्या पिनेपेक्षा जास्त खाते, कारण तिचं टोक गोल न राहता धारदार कडांचं होतं. सोलापुरात हवी ती पिन दुकानात हजर असेलच असं नाही, मागवावी लागते. म्हणून टर्नटेबलच्या ऑर्डरमध्येच एक जादा पिन टाकून ठेवलेली बरी.